सत्त्याण्णव गुण कोणी दिले?

(प्रताप नगर, नागपूर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या बैठकीचा विषय कळल्यावर दोघीतिघींनी मला विचारलं, की व्हिडिओ गेम हा आपला विषय कधीपासून झाला? आपण पोटगी, मारहाण, मजुरी, रेशन या प्रश्नांवर काम करणाऱ्या बाया. पोरांच्या खेळण्यांत कशाला पडायचं? प्रश्न रास्त आहे. पण सिनेमातली बाई, जाहिरातीतली बाई, मालिकेतली बाई यांवर आपल्या चळवळीनं शिबिरं घेतली, निदर्शनं केली, अश्लील पोस्टरांना काळं फासलं. आपल्याच घरातला मुलगा टीव्हीसमोर तीन-तीन तास बसून जे खेळतो, त्यातली बाई मात्र आपण कधी पाहिलीच नाही. कारण तो खेळत असतो तेव्हा आपण स्वयंपाकघरात असतो.

मला हा विषय एका बाईंनी दिला. त्या इथेच प्रताप नगरात डबे पुरवतात. आठवीतल्या मुलाला चांगले गुण पडले तर गेम घेऊन देईन, असं त्यांनी कबूल केलं होतं. गुण पडले. मुलानं मागितलेल्या खेळाचं नाव होतं 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५'. बाईंनी नाव ऐकून कुरकुर केली, तेव्हा पोरानं मोबाइलवर काढून दाखवलं : शंभरपैकी सत्त्याण्णव! बाई मला म्हणाल्या, "ताई, माझ्या पोराले बहात्तर पडले तं मी पेढे वाटले. याले सत्त्याण्णव आहेत. मंग हा खराब कसा?"

आपण टक्क्यांना फार मानतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी टक्के नुसते उच्चारले तरी घरातलं वातावरण बदलतं. त्यामुळे सत्त्याण्णव म्हटलं की कोणीतरी जाणत्यानं सगळं तपासून, पारखून ही गुणपत्रिका दिली असणार, असं वाटतं. तेव्हा ही गुणपत्रिका कोण लिहितं आणि त्यात विषय कोणते असतात, ते आधी पाहू.

ज्या बहिणींना हे जग अगदी नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र आणि हातात धरून खेळायचं छोटं यंत्र, दोन्हींना कन्सोल म्हणतात. मुलं ज्याला रिमोट म्हणतात त्यावर बटणं असतात. माझ्या पिढीला हे ओळखीचं आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आली ती बहुतेक जपानी यंत्राची नक्कल होती. त्यात प्लॅस्टिकची 'कॅसेट' घालायची आणि मारिओ, काँट्रा, बदकांची शिकार असं खेळायचं. कॅसेट चालली नाही की तोंडानं फुंकायची. आमच्या घरी ते यंत्र भावाच्या वाढदिवसाला आलं, आणि फुंकायचं काम माझ्याकडे होतं. तासावर पैसे घेणारी पार्लरंही होती, पण तिथे मुलगी गेल्याचं मला आठवत नाही.

परदेशात या खेळांना गुण देण्याची रीत पडली ती गरजेतून. कॅसेट महाग, दुकानात ती उघडून पाहता येत नाही, आणि घरी आणून फसलो तर पैसे बुडाले. म्हणून १९८१ मध्ये अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' नावाचं मासिक निघालं. ते काढणाऱ्या तिघांपैकी एक बाई होत्या, जॉयस वर्ली. या धंद्याच्या पहिल्या पानावर बाईचं नाव आहे, हे आपण लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे 'बायकांना यातलं काय कळतं' हे वाक्य फार वेळा ऐकू येणार आहे. जपानमध्ये १९८६ मध्ये 'फामित्सू' निघालं. त्याची पद्धत अशी, की चार समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज चाळीसपैकी छापायची. पहिले चाळीसपैकी चाळीस मिळाले १९९८ मध्ये, 'झेल्डा' मालिकेतल्या 'ओकारिना ऑफ टाइम' या खेळाला.

गुणपत्रिकेतले विषय साधारण ठरलेले असत. चित्रं कशी आहेत, आवाज कसा आहे, बटणं दाबायला मजा येते का, खेळ किती दिवस पुरतो. पंखा घेताना आपण पाहतो ना, वारा किती, आवाज किती, वीज किती, तसंच. पंख्यासाठी एवढं पुरतं. पण खेळात गोष्ट असते, माणसं असतात, आणि खेळणारा त्या माणसांशी काहीतरी करत असतो. कोण कोणाशी काय करतं, याला गुणपत्रिकेत रकानाच नव्हता.

रकाना नसला की काय होतं? १९८२ मध्ये अमेरिकेत अटारीच्या यंत्रासाठी 'कस्टर्स रिव्हेंज' नावाचा खेळ विकायला आला. त्यात एक नग्न घोडेस्वार सैनिक बाण चुकवत चालत जातो आणि खांबाला बांधलेल्या आदिवासी बाईवर बलात्कार करतो. तसं केलं की खेळणाऱ्याला गुण मिळत. न्यूयॉर्कमध्ये तो दाखवला गेला तेव्हा स्त्री संघटना आणि तिथल्या मूळनिवासींच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. हा खेळ ओबडधोबड होता, आणि त्याचा निषेध करायला फार विचार करावा लागत नाही. अवघड जातं ते सुरेख, मेहनतीनं केलेल्या खेळांच्या बाबतीत.

'मेट्रॉइड' घ्या. १९८६ चा खेळ, आजही नावाजलेला. अवकाशातल्या चिलखतातला योद्धा शेवटी शिरस्त्राण काढतो आणि ती बाई निघते. सॅमस तिचं नाव. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण त्यात एक मेख आहे. खेळ जितक्या लवकर संपवाल तितके तिचे कपडे कमी. तासाभराच्या आत संपवला तर ती बिकिनीत उभी राहते. म्हणजे चांगल्या खेळाचं बक्षीस काय, तर त्याच बाईचं शरीर, जी इतका वेळ आपणच होतो! खेळणारी मुलगी असली तर तिनं हे बक्षीस कसं घ्यायचं?

आता त्या सत्त्याण्णवकडे येते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' सप्टेंबर २०१३ मध्ये आला. त्यात आपण ज्यांना चालवतो ती तीन माणसं, तिन्ही पुरुष, तिन्ही गुन्हेगार. एक पूर्ण शहर उभं केलेलं, रस्ते, समुद्र, डोंगर, रेडिओ सगळं. कारागिरी खरोखर थक्क करणारी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. 'गेमस्पॉट' या नामांकित समीक्षा-प्रकाशनात त्याचं परीक्षण कॅरोलिन पेटिट या बाईंनी लिहिलं. त्यांनी दहापैकी नऊ गुण दिले. भरभरून कौतुक केलं, आणि सोबत हेही लिहिलं, की हा खेळ बायकांचा तिरस्कार करतो. त्यातल्या बाया एक तर कटकट करणाऱ्या बायका-मुली, नाही तर अंग विकणाऱ्या, आणि त्यावर खेळाचं स्वतःचं काही म्हणणं नाही.

नऊ गुण दिले होते, मैत्रिणींनो! तरी त्या परीक्षणाखाली वीस हजारांहून जास्त प्रतिक्रिया आल्या. बऱ्याच शिव्या होत्या. त्या ट्रान्स स्त्री आहेत, तेही शिव्यांमध्ये काढलं गेलं. त्यांना कामावरून काढा, अशी सह्यांची मोहीम निघाली. लोकांचं म्हणणं काय, तर दहा का नाहीत? समीक्षेत राजकारण का आणलं? नऊ गुणांनी कंपनीचं काही बिघडलं नव्हतं. चिडण्याचं कारण असं होतं, की नसलेला रकाना एका बाईनं स्वतःच्या हातानं आखला.

मला यात ओळखीचं असं दिसतं. आपण एखाद्या घरी जातो, मारहाणीची तक्रार असते, आणि आजूबाजूचे म्हणतात, "माणूस चांगला आहे हो, कमावतो, घर बांधलं, पोरांना शिकवतो." त्या सगळ्याचे गुण द्या, आमची ना नाही. पण मारहाणीचा रकाना काढला की म्हणतात, घर मोडायला आल्या.

पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, हे आणखी पेटलं. अनिटा सारकिसियन या अभ्यासक बाईंनी २०१३ पासून चित्रफितींची मालिका काढली होती. खेळांमध्ये बाईला पळवून नेणं आणि पुरुषानं तिला सोडवणं ही युक्ती किती वेळा वापरली जाते, ते त्या उदाहरणांनी दाखवत. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या विद्यापीठात त्यांचं भाषण होतं. सामूहिक गोळीबाराची धमकी आली, आणि ते भाषण त्यांना रद्द करावं लागलं. व्हिडिओ गेमवरचं भाषण!

बरं, हे सत्त्याण्णव कॅरोलिन पेटिट यांनी दिलेलेच नाहीत. ते कोणा एकानं दिलेलेच नाहीत. २००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' नावाची व्यवस्था सुरू झाली. ती अनेक समीक्षकांचे गुण गोळा करते आणि त्यांची सरासरी काढते. ही सरासरी सरळ नसते. काही प्रकाशनांना जास्त वजन असतं, आणि कोणाला किती ते जाहीर करत नाहीत. खेळाला ७५ आणि वर मिळाले तर हिरवा रंग, पन्नास ते चौऱ्याहत्तर पिवळा, त्याखाली तांबडा. पेटिट यांचे नऊ त्यात गेले नव्वद म्हणून. त्यांचा परिच्छेद गेला नाही. सरासरीत आकडा जातो, शब्द गळून पडतो. डबेवाल्या बाईंच्या मुलानं जो आकडा दाखवला त्याच्या आत एका बाईची तक्रार होती, पण ती दिसण्याची सोय नव्हती.

या आकड्यावर माणसांचे पगारही अवलंबून असतात. २०१० मधल्या 'फॉलआउट : न्यू व्हेगस' या खेळाच्या कारागिरांचा करार होता, की ८५ मिळाले तर बोनस. मिळाले ८४. बोनस गेला. ही गोष्ट त्या कंपनीतल्याच एकानं २०१२ मध्ये सांगितली. मजुरी एका गुणावर कापणारा मुकादम आपल्याला ठाऊक आहे, हा त्याचाच भाऊ. आणि समीक्षकही मोकळा नसतो. जेफ गर्स्टमन या समीक्षकानं २००७ मध्ये एका खेळाला दहापैकी सहा दिले, त्याच खेळाच्या जाहिराती त्याच्याच प्रकाशनात झळकत होत्या, आणि त्याची नोकरी गेली.

अजून एक घोटाळा मोडते, कारण आयांना याचाच जास्त उपयोग आहे. खेळाच्या डब्यावर जो आकडा असतो, ३, ७, १२, १६, १८, तो गुणांचा नाही. तो वयाचा. युरोपात २००३ पासून 'पेगी' नावाची व्यवस्था हे आकडे देते. अमेरिकेत अशी व्यवस्था १९९४ मध्ये आली, कारण आदल्या वर्षी तिथल्या संसदेत रक्तपाताच्या खेळांवरून सुनावणी झाली आणि धंद्यानं सरकारचा हात पडण्याआधी स्वतःच लेबल लावायला घेतलं. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' वर १८ आहे. मुलगा सत्त्याण्णव दाखवतो, अठरा दाखवत नाही. बाईंना मी एवढंच सांगितलं, की डबा उलटा करून पाहा. त्यांनी खेळ घेतला नाही. मुलगा आठ दिवस बोलला नाही.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाचा छोटा गट आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी तो काढला. कलेची बाजू श्रुती घोष यांच्याकडे. त्यांनी 'राजी' नावाचा खेळ केला. राजी ही डोंबाऱ्यासारखे खेळ करून जगणारी अनाथ पोर, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते. पाहा, पळवलेली मुलगी आणि सोडवणारा पुरुष ही जुनी चौकट इथे उलटी आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न फसला. तरी खेळ पूर्ण झाला. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डोच्या 'स्विच' यंत्रावर आला, हातात धरून खेळायच्या आणि टीव्हीलाही जोडता येणाऱ्या. ऑक्टोबरात बाकीच्या यंत्रांवर आला. त्या वर्षी अमेरिकेतल्या 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये नवोदितांच्या पहिल्या खेळांच्या पाच नामांकनांत त्याचं नाव होतं.

गुण मिळाले सत्तरच्या आसपास. पिवळा रंग. समीक्षकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या : खेळ चारपाच तासांत संपतो, कॅमेरा अडचणीच्या जागी धरतो, शेवट अर्धवट सोडल्यासारखा आहे. चित्रं, संगीत, राजस्थानी वाड्यांसारखी वास्तू यांचं कौतुक झालं. पण शेकडो माणसांच्या, कोट्यवधी डॉलरच्या खेळाला आणि पुण्यातल्या मूठभरांच्या खेळाला एकच फूटपट्टी लावली की असंच होणार.

आमच्या गटात दर रविवारी अकरा ते सोळा वयाच्या मुली येतात, काही फ्लॅटमधल्या, काही वस्तीतल्या. एका मैत्रिणीच्या मुलानं वापरून सोडलेला 'प्लेस्टेशन ४' आमच्याकडे आला, त्यावर आम्ही 'राजी' घेतला. दुसरीच्या नातेवाइकांनी परदेशातून जुना 'निन्टेन्डो डीएस' पाठवला, त्याच्याबरोबर 'सुपर प्रिन्सेस पीच' होता. हा २००५ चा खेळ. मारिओतली कायम पळवली जाणारी राजकन्या यात स्वतः मारिओला सोडवायला निघते. पण तिची हत्यारं म्हणजे तिच्या भावना. ती रडते, त्यानं झाडं वाढतात आणि आगी विझतात. रागावते, तर ज्वाळा निघतात. मला हे वाचूनच संताप आला होता, बाईला शेवटी रडण्या-रुसण्याचीच शस्त्रं दिली म्हणून. मुलींनी माझं ऐकलं नाही. एकीनं वहीत लिहिलं, "रडलं तर काम होते हे मस्त आहे," आणि दहापैकी आठ दिले. बाहेरच्या समीक्षकांची मोठी तक्रार होती, की खेळ फार सोपा आहे. आमच्या मुलींना पहिल्यांदा रिमोट हातात मिळाला होता, त्यांना तो सोपा असल्याचे दोन गुण जास्त. समीक्षक घरी भाऊ नसलेला असतो बहुधा.

वहीबद्दल सांगते. आम्ही ठरवलं, की खेळल्यावर प्रत्येकीनं गुण द्यायचे आणि का दिले ते लिहायचं. रकाने मुलींनीच पाडले. पहिला रकाना 'नंबर किती वेळानं लागला'. खेळात एकदा हरलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत असेल तर पाठची मुलगी ताटकळते, म्हणून अशा खेळाला कमी गुण. जगातल्या कुठल्या समीक्षकानं हा विषय धरला असेल, मला शंका आहे, कारण त्याला यंत्र एकट्याला मिळतं. दुसरा रकाना 'घरी खेळू देतील का'. 'राजी' ला एकीनं नऊ दिले, एक कापला कारण उडी मारताना पुढचं दिसत नाही. दुसरीनं पाचच दिले. तिनं लिहिलं, "ती एकटीच लढते. गावातल्या बाकीच्या बाया कुठी गेल्या?" खेळ पुन्हा पाहा, तिचं निरीक्षण खरं आहे. ते सगळं सुंदर जग माणसांवाचून ओस पडलेलं आहे.

'झेल्डा' चा उल्लेख मी आधी केला. ती मालिका १९८६ पासून चालू आहे. नाव राजकन्येचं, पण खेळणारा चालवतो लिंक नावाच्या मुलाला. झेल्डाला स्वतः चालवता येईल असा मालिकेतला मुख्य खेळ आला सप्टेंबर २०२४ मध्ये, अडतीस वर्षांनी, आणि त्याच्या दिग्दर्शकांमध्ये टोमोमी सानो ही बाई होती. मुलींना हे सांगितलं तर एक म्हणाली, "म्हणजे सातबारा तिच्या नावावर अन् कसे दुसराच!" तिच्या आईच्या घरची ती गोष्ट आहे.

आमच्यात एका मुद्द्यावर अजून एकमत नाही, तो मुद्दाम तुमच्यापुढे ठेवते. बाईला कसं दाखवलं, याचा वेगळा रकाना असावा का? कार्यकर्त्यांपैकी काहींचं म्हणणं आहे, असावा, म्हणजे सरळ दिसेल. माझं मत उलट आहे. शाळेत कार्यानुभव हा विषय असतो, त्याला श्रेणी असते, आणि ती कोणी पाहत नाही. पालक विचारतात गणितात किती. वेगळा रकाना केला की बाईचा विषय कार्यानुभव होणार. चित्रं दहा, आवाज दहा, मजा दहा, बाई तीन, आणि सरासरी छान! मला वाटतं, ज्या खेळात मला, म्हणजे खेळणाऱ्या मुलीला, शिवी खावी लागते त्यात माझी मजाच कमी होते, आणि ती मजेच्या रकान्यातूनच कापली पाहिजे. ज्याला मजा आली त्यानं त्याचे गुण द्यावेत, मी माझे देईन. पेटिट यांनी नऊ दिले, ते त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभलं; मी असते तर इतके दिले नसते.

उलट बाजूनं गटातल्या एका ताईंनी मला विचारलं, की मग लहान मुली भीतीपोटी सगळेच कापतील, किंवा ताईंना आवडावं म्हणून कापतील, त्याचं काय? तोही धोका आहे. म्हणून आम्ही सध्या वहीत मोठ्या माणसांनी मुलींच्या आधी लिहायचं नाही, असं ठरवलं आहे. वही तिकडे टेबलावर आहे. मागची चार पानं आयांनी खेळून लिहिली आहेत. चहा होईस्तोवर वाचा, आणि ज्यांना रकान्यांबद्दल बोलायचं आहे त्यांनी नंतर थांबा.